फडकी परत पाठव

हल्ली दिवाळीला आमच्या घरी भेटी येतात त्या चकचकीत कागदात गुंडाळून. नातवंडं तो कागद टर्रकन फाडतात आणि मी ओरडते. "आजी, कागदच तर आहे," म्हणतात. मी ते बोळे गोळा करते, हातानं सपाट करते आणि गादीखाली घालते. सून तोंडाला पदर लावून हसते. हसेना का. माझी जीभ तिखट आहे हे सगळ्या आळीला माहीत आहे. ती मला आईकडून मिळाली.

आम्ही महाडला राहायचो. वडील बाजारात एका किराणा दुकानात तागडी धरायचे. पुडीचा कागद, सुतळी, गुळाच्या ढेपेभोवतीचं गोणपाट, आमच्या घरातून काही म्हणता काही बाहेर पडत नसे. सुतळीची गाठ विळीवर कापली तर आई पाठीत धपाटा घालायची. नखानं सोडव म्हणायची, नखं काय नुसती वाढवायला दिलीत देवानं?

पण तिचा खरा जीव फडक्यांवर. तिचं लुगडं विरलं की त्यातला धड भाग कापून ती चौकोनी फडकी करायची. सणासुदीला माझ्या थोरल्या बहिणीकडे जे काही जायचं ते त्यात बांधून. आक्का माझ्याहून बरीच मोठी. तिला पोलादपूरच्या पुढे, उमरठच्या अंगाला एका वाडीत दिली होती. त्याच वाडीतला एक गाडीवान भात घेऊन महाडला यायचा, त्याला आम्ही मामा म्हणायचो. तो गाठोडं न्यायचा आणि पुढच्या खेपेला फडकं परत आणायचा. रिकामं कधी नाही. मूठभर नाचणी, वरी, नाहीतर एखादी काकडी त्यात असायचीच. रिकामं फडकं परत करायचं नाही, अशी रीतच होती.

आक्काची दोन मुलं पोटातच गेली होती. आता तरी एक जगावं म्हणून आई सोमवार धरायची, कारण आक्काची सासू उघड बोलायला लागली होती की हिचं काही खरं नाही, लेकाचं दुसरं लगीन लावू. त्या काळी सवत आणायला कोणाला विचारावं लागत नसे. आक्काचं त्या घरातलं सगळं एका मुलावर येऊन ठेपलं होतं.

त्या वर्षी नागपंचमीला गेलेलं फडकं परत आलं नाही. गौरीचं आलं नाही, दसऱ्याचं नाही. दिवाळीला करंज्या आणि कडबोळी बांधून दिली, तेही फडकं तिकडेच राहिलं. आई धुमसायला लागली.

"त्या म्हातारीनं माळ्यावर रचून ठेवली असणार. आयत्या बिळावर नागोबा."

"अगं, चिंध्यांसाठी कशाला जीव काढतेस?" वडील म्हणाले.

"चिंध्या नाय त्या. माझी लुगडी हायत."

संक्रांत तोंडावर आली. तिळाचे लाडू झाले आणि बांधायला फडकं नाही. आईची लुगडी दोन, एक अंगावर आणि एक दोरीवर, त्यातलं कापणार काय? तिनं लाडू केळीच्या पानात बांधले, मामाच्या हातात दिले आणि म्हणाली, "तिला म्हणावं, सणाला मी बांधू कशात? फडकी परत पाठव. सगळी."

मामा घुटमळला. "ऱ्हाऊ दे की गो, पोरीकडंच."

"निरोप सांग म्हटलं ना, मग सांग."

बिचारा गेला. त्याला काय माहीत होतं आणि त्यानं का सांगितलं नाही, ते मागाहून कळलं.

संक्रांत झाल्यावर तो आला. गाठोडं ओट्यावर ठेवलं आणि पाणीसुद्धा न घेता गाडीकडे वळला. आईनं गाठ सोडली. सगळी फडकी होती, धुतलेली, नीट घडी घातलेली. आत दाणा नाही. आईचं तोंड सुटणार म्हणून मी जरा मागेच सरकले. तिनं एक फडकं उलगडलं आणि उजेडाला धरलं.

काठाकाठानं सुईची भोकं होती. एका कोपऱ्यात लाल दोऱ्याचा तुकडा अडकून राहिला होता. सगळी फडकी एकमेकांना जोडून शिवली होती आणि मग उसवली होती.

"आये, काय गो हे?"

"दुपटं," आई म्हणाली.

तान्ह्या बाळाला जुन्या, मऊ लुगड्याचंच दुपटं लागतं. आक्काला पुन्हा दिवस गेले होते. दृष्ट नको म्हणून सातवा लागेपर्यंत माहेरीसुद्धा कळवायचं नाही, असं तिच्या सासूनं ठरवलं होतं आणि मामालाही बजावलं होतं. हे सगळं आम्हाला दुसऱ्या दिवशी तिच्या घरी कळलं. पण आईनं त्या भोकांवरून बोट फिरवलं तेव्हाच ती ओळखून चुकली की बाळ होतं आणि आता नाही.

आक्का घोंगडीवर पडली होती. आई तिच्या उशाशी बसली. बाळासाठी शिवलेलं उसवू नये, मोठा अपशकुन, असं आमच्याकडे मानतात. आईला दुसरं काही सुचतच नव्हतं.

"खरं सांग गो. माझा निरोप आला म्हणून उसवलंस? आधी काय झालं?"

"बाळ आधी गेलं, आये," आक्का म्हणाली. "मग ठेवून काय करू? उसवलं नि धाडलं."

आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि कालपासून दाबून धरलेलं रडू सोडलं.

पुढच्या वैशाखात सवत आली. आक्का त्याच घरात राहिली आणि तिनं सवतीची मुलं वाढवली. लोक म्हणतात, सोन्यासारखी बाई. मला अजून त्या घराचा राग येतो, आणि का येऊ नये? आईनं फडकी करणं सोडलं नाही. परत आली का, एवढं मात्र तिनं पुन्हा कोणाला विचारलं नाही.

आई गेली तेव्हा दिवसकार्य आटोपल्यावर आम्ही बहिणी मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसलो होतो. आक्का खाली बघूनच म्हणाली, "फडकी आधी उसवली होती गो."

मी सूप खाली ठेवलं.

"मामानं निरोप सासूसमोरच सांगितला. ती म्हणाली, असल्या फडक्यांपायी आमचं नाव खराब नको, आत्ताच्या आत्ता दे परत. चुलीपुढं बसून उसवलं. मग दोन-चार दिसांनी पोटात दुखायला लागलं."

"मग आयेला तसं का सांगितलंस?"

"नायतर ती जगली असती काय?"

मी चिडले. कोणावर, ते मला आजही सांगता येणार नाही. म्हटलं, "फडकी उसवली म्हणून कुठं मूल जातं होय? आधीची दोन गेली तेव्हा कुठली फडकी उसवली होतीस?"

"तसंच असंल," आक्का म्हणाली. तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. "आयेला खोटं सांगायला मी होते. मला कोण सांगणार?"