बॅनरवर राहिलेला हात

निवडणुकीच्या त्या दिवसांत मी देवीच्या देवळासमोरून जायचं टाळत होतो. पुळणीतून मोटारसायकल ढकलत लांबची वाट धरायचो, पण देऊळ चुकवायचो. श्रद्धा उडाली होती असं नाही. उलट, देवी सगळं बघते याची मला फार खात्री होती आणि तीच जाचत होती.

नागावच्या पुढे आमचं गाव. तिथं माझा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, शाळेचे फोटो यांवर घर चालतं. यंदा निवडणुकीला उभे राहिलेले दोन्ही उमेदवार आमच्याच गावचे, त्यातून एकमेकांचे साडू. एक भाऊ, त्यांचे ट्रक आहेत. दुसरे गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले. चैत्राच्या जत्रेत देवीच्या पालखीचा पुढचा दांडा कित्येक वर्षं या दोघांनीच मिळून खांद्यावर घेतलेला. पण अर्ज भरले आणि बोलणं तुटलं. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, त्या बिचाऱ्या मासळीबाजारात भेटून गुपचूप बोलायच्या.

गेल्या जत्रेत मी दोघांचा एक फोटो काढला होता. पालखी उठण्याआधी दोघं वडाखाली उभे आहेत, गुरुजींनी भाऊंच्या खांद्यावर हात टाकलाय आणि दोघंही कशाला तरी मनापासून हसताहेत. असं हसू प्रचाराच्या फोटोत सापडत नाही. त्यामुळे दोघांनाही बॅनरसाठी तोच फोटो हवा होता, मात्र दुसऱ्याला काढून टाकून. भाऊ येऊन गेले, मग गुरुजी आले. मी दोघांनाही हो म्हटलं आणि एकाचं काम दुसऱ्याला कळू दिलं नाही. एका मैत्रीचे मी कॉम्प्युटरवर दोन तुकडे केले. गुरुजींचा पसरलेला हात त्यांच्या बॅनरवर झेंड्याखाली झाकला. भाऊंचं बॅनर मात्र घाईत केलं. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर राहिलेला गुरुजींचा हात छोट्या पडद्यावर माझ्या लक्षातच आला नाही.

नाक्यावर बॅनर चढलं तेव्हा तो हात सुपाएवढा दिसत होता. मनगटामागे माणूस नाही, नुसता हात. धावत गेलो, तर खाली गर्दी जमलेली.

"हात कोनाचा रं ह्यो?"

"कोनाचा म्हंजे? देवीचा! भाऊंच्या पाठीशी हाय ती."

एका बाईंनी तर चपला काढून नमस्कार केला. मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्या एका मिटण्यानं माझी झोप गेली. पुढे नाक्यावर फुलं पडू लागली. भाऊ स्वतः रोज सकाळी बॅनरला हात जोडूनच प्रचाराला निघायचे. माझी चूक लोक देवी म्हणून पुजत होते.

तशात जत्रा आली. भाऊंची माणसं म्हणाली, देवीनं कौल दिलाय, पुढचा दांडा यंदा भाऊ एकटेच घेतील. गुरुजींची माणसं म्हणाली, तसं असेल तर पालखी देवळाबाहेर पडणारच नाही. आमच्या गावात पालखी थांबली असं कधी घडलेलं नव्हतं. घरोघरी रांगोळ्या घातलेल्या, नारळ काढून ठेवलेले, आणि देवी आतच बसणार, तेही माझ्यामुळे. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मला काय सांगता? जिला सांगायचं तिला सांगा."

जत्रेच्या सकाळी गळ्यात कॅमेरा अडकवून निघालो खरा, पण नाक्यावर पाय अडखळले. बॅनरखाली एक अनोळखी म्हातारी बाई उभी होती. दिघीहून तरीच्या बोटीनं खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरून जत्रेला आले, असं म्हणाली. कपाळावर हाताचा आडोसा धरून ती बराच वेळ वर बघत राहिली. मग माझ्या कॅमेऱ्याकडं नजर टाकून हसली.

"ह्यो हात हाय, तर बाकीचा मानूस कुठं ठेवलास, बाबा?"

ती पदर सावरत पुढे गेली. मीही निघालो, आणि त्या दिवशी कितीतरी दिवसांनी सरळ देवळाच्या वाटेनं गेलो.

अंगणात दोन्ही बाजू बाह्या सरसावून उभ्या होत्या. मधे सजलेली पालखी. मी देवीसमोर डोकं टेकलं आणि मागे वळून सगळं सांगून टाकलं. दोघांचं काम घेतलं, एक फोटो कापून दोन केले आणि तो हात देवीचा नाही, गुरुजींचा आहे. आता स्टुडिओ फुटला तरी फुटो, असं मनात आलं आणि आश्चर्य म्हणजे हलकं वाटलं.

मग गुरुजींनी उजवा हात वर केला. कबड्डीत मोडून वाकडी झालेली करंगळी साऱ्या गावाला ठाऊक होती. बॅनरवरही ती तशीच वाकडी होती; बघायला कुणाला सुचलं नव्हतं.

भाऊ त्या करंगळीकडं बघतच राहिले. "म्हंजे रोज सकाळी मी ह्याच्या हाताला नमस्कार करत व्हतो?"

"आशीर्वाद पोचला ना?" गुरुजी म्हणाले. "मग आता मतही मलाच दे."

आधी भाऊंना हसू फुटलं. मग बायका हसल्या, मग सगळं अंगण. भाऊ डोळे पुसत म्हणाले, "साडू, दांडा धर. मताचं मागनं बघू." माझ्याकडं वळून ओरडले, "आनि तू रं, कापाकापी करनाऱ्या! ठेव तो कॅमेरा. आज तू पन खांदा दे."

कॅमेरा देवळातल्या खुंटीला लटकला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा पालखीखाली गेलो. ती म्हातारी गर्दीत पुन्हा दिसली नाही. कुणाच्या तरी घरची पाहुणी असेल. मी फार चौकशी केली नाही.

निवडणुकीत दोघांपैकी एक जिंकले, एक हरले, आणि पेढे दोन्ही घरांतून आले. न कापलेला फोटो आता माझ्या स्टुडिओत दारासमोर लावलाय. चौकटीत कोण राहणार, कोण नाही, हे मी ठरवतो असं मला वाटायचं. माझ्या हातून सुटलेलंही देवीनं कामाला लावलं, आणि मी नुसतं डोकं टेकवायचा अवकाश होता.

त्या जत्रेचा एकही फोटो माझ्याकडं नाही. फक्त एवढं आठवतं. दांडा जड झाला आणि मागून कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी वळून पाहिलं नाही. चालत राहिलो.