हिरव्या गावातली अकरा नावं

मार्च २००६. मुलीकडे डब्लिनला आलो होतो. आयर्लंडमधलं नव्हे, अमेरिकेतल्या ओहायोतलं. या डब्लिनमध्ये आयरिश माणूस शोधावा लागतो, मराठी माणूस भेंडी निवडताना हमखास सापडतो. "बाबा, तुम्हाला खरं आयरिश गाव दाखवतो," म्हणत जावई मंदारनं शनिवारी सकाळी गाडी काढली. अंगात हिरवा टी-शर्ट, त्यावर 'आज मी आयरिश' अशी घोषणा. मूळचा हा चिंचवडचा.

दोन तासांनी कालव्याकाठचं ते गाव आलं. सेंट पॅट्रिकचा (आयरिश लोकांचे संत) उत्सव होता. कुत्र्यांना हिरवे स्वेटर, बिअर हिरवी, पावसुद्धा हिरवा. खाल्ला; चवीला पांढराच होता. वेशीवरच्या पाटीवर 'ऐतिहासिक गाव' असं लिहिलेलं. इतिहास पावणेदोनशे वर्षांचा! "आमच्या पेठेत याहून जुनी भांडणं अजून चालू आहेत," मी मंदारला ऐकवलं.

पार्किंग कालव्यालगतच्या माळावर होतं आणि रांगेत आमची गाडी पहिली. पण गवताच्या मधोमध घडीच्या खुर्चीवर एक ऐंशीच्या घरातली बाई बसून कागदावरचं काहीतरी मोठ्यानं वाचत होती. हिरव्या टोपीतला स्वयंसेवक गाड्या अडवून मुकाट उभा. पाच मिनिटं झाली. माझ्यातला पुणेकर जागा झाला. मंदारच्या बाजूला वाकून मी सणसणीत हॉर्न दाबला.

"बाबा! इथे असा हॉर्न नाही वाजवत, फार रूड वाटतं!"

बाईंनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.

"मध्ये खंड पडला की नोरा पहिल्यापासून वाचते," स्वयंसेवक खिडकीशी येऊन म्हणाला. मागच्या गाड्यांतल्या आयरिश जनतेनं माझा काय उद्धार केला, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वाचन संपल्यावर मी उतरून नोराबाईंची माफी मागितली.

"माझ्या पणजोबांचा भाऊ या गवताखाली आहे," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज पार बसला होता. "कालवा खणायला आणलेले आयरिश मजूर तापानं गेले, त्यांना इथेच पुरलं. ना दगड, ना पाटी. उन्हाळ्यात इथे डांबर पडणार, कायमच्या पार्किंगसाठी. आयरिश वारशाच्या उत्सवाला जागा पुरत नाही ना!"

आयरिशांच्या छातीवर गाड्या लावून आयरिशांचा उत्सव! मला चेव चढला. "आमच्याकडे असं चालत नाही. आम्ही दरवर्षी तीन पिढ्यांची नावं घेऊन पाणी सोडतो."

"छान. तुमच्या पणजोबांचं नाव काय?"

मी आकाशाकडे पाहिलं. मग मंदारकडे. "ते... आमच्या गुरुजींच्या वहीत आहे. ते वाचतात, मी पाणी सोडतो."

"म्हणजे आठवणीसाठी माणूस नेमलाय. आमच्या नगरपालिकेला सुचवते."

फार झोंबलं. खोटं असतं तर झोंबलं नसतं.

मग त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. "ही त्या मजुरांची नावं. मी मरण्याआधी एकदा दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायची आहेत मला. मुलं कॅलिफोर्नियात. त्यांना वेळ नाही."

मी वाचू लागलो. पॅट्रिक, मायकल... तिसऱ्या नावाला जीभ अडखळली. "पहिल्यापासून," नोराबाई म्हणाल्या. पॅट्रिक, मायकल... पुन्हा अडखळलो, पुन्हा पहिल्यापासून. मंदारनं गाडीचं इंजिन बंद केलं. स्वयंसेवकानं टोपी काढली. चौथ्या खेपेला अकराच्या अकरा नावं सुरळीत झाली. नोराबाईंनी डोळे पुसले, खुर्चीची घडी केली आणि बाजूला झाल्या. मग त्या गवतावर पहिली गाडी चढली. ती आमचीच.

भाद्रपदात, पुण्याला परतल्यावर, वडिलांच्या श्राद्धाला गुरुजींनी वही उघडली. "मिटा ती," मी म्हणालो, "यंदा नावं मी सांगणार." त्यासाठी आदल्या दिवशी चुलतभावाला फोन करून पणजोबांचं नाव चांगलं घोकून ठेवलं होतं. वडिलांचं नाव घेतलं, आजोबांचं घेतलं. मग डोळ्यांसमोर तो माळ आला, आता त्यावर डांबर पडलं असेल असं वाटलं, आणि तोंडातून निघालं, "पॅट्रिक."

गुरुजींनी वर पाहिलंसुद्धा नाही. "गोत्र तेच ना?" म्हणाले, आणि मी पाणी सोडलं.