काळी पाच

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण आता भीती पोटात मावत नाही.

चाकणच्या कंपनीतली शिफ्ट संपली की मी सांगवीत आमच्या गाण्याच्या ग्रुपला कीबोर्ड वाजवतो. खरं सांगू? मला एकाच पट्टीत वाजवता येतं. गाणाऱ्याची पट्टी वेगळी असली की मी ट्रान्सपोजचं बटण दाबतो. बोटं तिथंच, सूर वर किंवा खाली. हे कुणाला कळू नये, एवढीच माझी धडपड असायची.

दोन वर्षांपूर्वी आम्ही ‘कालचे आम्ही, आजचे आम्ही’ हा कार्यक्रम बसवला. प्रत्येकानं आपण कोण होतो आणि आता कोण आहोत, ते गाण्यातून मांडायचं. शेवटचं गाणं ग्रुपमधल्या ताथवड्याच्या कुसुमताईंचं ठरलं. लेक लहान असताना त्यांनी म्हटलेला पाळणा कॅसेटवर होता, काळी पाचच्या उंच पट्टीत. आधी तो ऐकवायचा, मग तोच पाळणा त्या आजच्या आवाजात म्हणणार. गळ्याच्या ऑपरेशननंतर आवाज पार काळी तीनपर्यंत उतरला होता. कुणी हळहळलं की म्हणायच्या, “आवाज बदलला तर बदलला. मी न्हाई का बदलले?”

तालमीत सगळे रडले. मीही.

मग ताई माझ्याकडे वळून हसल्या. “आमी सगळे बदललो, ह्यो मात्र तसाच हाय. बटनावर जगतोय मेला!” सगळे खो खो हसले. त्यांच्या मनात काही नव्हतं, माया होती उलट. पण माझं बिंग फुटलं होतं. तो शब्द – तसाच – माझ्या डोक्यातून जाईना. एवढ्याशा थट्टेचा कुणी इतका राग धरतं का? मी धरला.

कार्यक्रमात कॅसेट संपली. टाळ्या झाल्या. मी सूर दिला – आणि ताईंनी तोच उचलला. कॅसेटचा सूर सगळ्यांच्या कानात बसलेला, शंका कुणाला येणार? धृपद कसंबसं निभलं. अंतऱ्यात वर जाताना आवाज फाटला. त्यांनी पुन्हा उचलला, पुन्हा फाटला. मग त्या गप्प झाल्या, माइक हातात तसाच. मी वाजवत राहिलो.

पट्टी मी चढवली होती, काळी तीनवरून कॅसेटच्या काळी पाचवर. चुकून नव्हे – बटण मोजून दाबलं होतं.

विंगेत त्यांनी विचारलं, “पट्टी आपलीच हुती ना रं?”

“हो ताई, आपलीच.”

त्यानंतर त्या गायल्या नाहीत. देवापुढंसुद्धा नाही, असं त्यांची सून सांगते. गळा गेला, असं त्यांनी मनाशी पक्कं केलंय.

त्या दिवसाचं रेकॉर्डिंग आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे. कुणी तानपुऱ्याचं ॲप लावून पट्टी ताडून पाहिली तर? ताईंनीच ऐकलं तर? फोन वाजला की आधी नाव बघतो, मगच उचलतो. पण भीती पकडलं जाण्याची आहे, की त्या पुन्हा कधीच विचारणार नाहीत याची?

यंदा तोच कार्यक्रम पुन्हा आहे. पाळणा सून म्हणणार आहे. काल ताई तिला तालमीला सोडायला आल्या होत्या. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून सुनेला म्हणाल्या, “पट्टीची काळजी करू नगंस. ह्यो हाय की.”

मी मान डोलावली.