नुसत्या बटाट्यावर ऱ्हायलेली अक्का

तवा मुडबी गावातल्या घरात आम्ही चौघंच होताव. माझी थोरली जाऊ, तिला समदे अक्का म्हनायचे, तिचे मालक अण्णा, म्हायेरी आलेली त्यांची लेक, आन मी. माझे मालक आधीच गेलते.

लेकीला मूल व्हईना. अक्कानं म्हादेवाला नवस बोलला, लेकीची कूस उजवंस्तवर धान्य, डाळ, दूध, शेंगा काय बी खानार न्हाई, बटाट्यावर ऱ्हाईन. रोज बटाटा किसायची, पान्यात धुवायची आन पांढराफेक व्हईस्तवर पिळायची. पानी म्हशीला. न पिळलेला कीस काळा पडतोय, आन काळं देवाला चालत न्हाई, ही आमच्या सासूची शिकवन. मग तेलात परतून खायाची.

हात काड्यावानी झाले आन पोट वर आलं. बाया म्हनायच्या चोरून खायलीय. अण्णा चेष्टेनं म्हनले, "पोटात बटाट्याचं शेत केलीस काय गं?" ती बी हसली. पुढं पाय सुजले, तवा बसनं आमच्या तालुक्याच्या गावाला, कल्याणला नेलं.

डॉक्टरनं पोट दाबून बघितलं. म्हनले, लिवरवर चरबी साचलीय. मी इचारलं, ही तर काय खाईना, चरबी कुठून आली? तर म्हनले, चरबी तिथून हलवायला आंगात प्रथिन लागतंय, हिच्यात तेच न्हाई. बटाट्यात बी असतंय, थोडं पर चांगलं. तुम्ही पिळून पान्यासंगं घालवताव. सालीसकट उकडून द्या. पर तेवढ्यानं भागनार न्हाई, डाळ-दूध पायजेच.

उकडलेला बटाटा तिनं खाल्ला, नवस मोडत नव्हता म्हनून. दुधाची वाटी मातर सरकवून द्यायची. अण्णांनी मठातल्या स्वामींना आनलं. देव असं मागत न्हाई, सोड, म्हनले ते. अक्कानं हात जोडून ऐकलं, पर वाटीला हात लावला न्हाई.

लेकीनं पाय धरले. "आई, मला लेकरू नको, तू पायजेस."

अक्कानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "बोलून बसलेय, बाई. आता मागं फिरले तर ते तुझ्यावर येईल."

अण्णा उठून भाईर जाऊन बसले. मी वाटीतलं दूध परत भांड्यात ओतलं.

ज्वारीच्या राशी चालू होत्या तवा अक्का गेली. लेकीला मूल नंतर बी झालं न्हाई.

वाचनाऱ्या बायांनो, नवस बोलायचाच असंल तर नारळाचा बोला, पायी जायाचा बोला. आपल्या तोंडच्या घासाचा बोलू नका.