आगाऊ शोकसभा

आमच्या साडूभाऊंइतका भित्रा माणूस अख्ख्या दिल्लीत सापडणार नाही, आणि त्यांच्याइतकी धाडसाची कामंही कुणी तडीस नेली नसतील. लग्नाच्या हॉलमध्ये शिरले की नवरानवरीच्या आधी ते बाहेर पडायचा दुसरा दरवाजा शोधतात. दिल्लीच्या द्वारका भागात त्यांच्या बाल्कनीवरून विमानं जातात, तरी संध्याकाळच्या विमानासाठी हे सकाळीच विमानतळावर हजर. "रस्ता बंद असला म्हणजे?" एकदा रस्ता मोकळा निघाला आणि विमानच रखडलं. साडूभाऊ दिवसभर खुर्चीत बसून होते, पण खुशीत. दोन्ही वेळचा डबा सोबत नेला होता ना!

गुडगावच्या एका ब्लँकेटच्या कंपनीत धोक्यांचा विचार करणं हीच त्यांची नोकरी. हा माणूस तिथे प्रत्येक नव्या कल्पनेला नाट लावत असणार, असं मला वाटायचं. पण त्यांची तऱ्हा निराळी. नवा माल बाजारात जाण्याआधी ते त्याची शोकसभा घेत. टेबलावर नमुना, त्याला झेंडूचा हार, भोवती सगळा स्टाफ. "हा आपल्यातून गेला. बोला, कशानं गेला?" मालक कपाळाला हात लावायचे, "शुभ शुभ बोलो यार!" पण एरवी साहेबांपुढे तोंड न उघडणारी माणसं तिथे भडाभडा बोलत. रंग उतरला, वास आला, गिऱ्हाइकाला टोचलं. मग त्या एकेका कारणाचा बंदोबस्त होई. जुन्या स्वेटरांच्या लोकरीचं ब्लँकेट असंच हार घालून निघालं आणि त्यानं कंपनीला तारलं. साडूभाऊ म्हणत, "अपयशाचं नाव काढायची जिथे चोरी, तिथे नवं सुचवायला कोण धजावेल?"

यंदा त्यांच्या मुलीनं आयटीतली नोकरी सोडून पानिपतला स्वतःचं काम काढायचं ठरवलं. चिंध्यांपासून काढलेल्या सुताची, तान्ह्या बाळांची पांघरुणं. "बाबा, तुम्ही शोकसभा घ्या. त्याशिवाय मी राजीनामा देणार नाही," ती म्हणाली. रविवारी आम्हीही गेलो. टेबलावर चिमुकलं पांघरूण होतं, हार मात्र नव्हता.

"आणायचा राहिला," साडूभाऊ म्हणाले. हा माणूस काही विसरतो, हे मी प्रथमच पाहत होतो. "बोला" एवढंच ते म्हणाले.

"अच्छा, मीच सुरू करते," भाची म्हणाली. "पहिलं कारण, मराठी माणूस पानिपतला गेला."

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. तिनं पुढे यंत्रं, रंग, गिऱ्हाइकं, सगळं काढलं आणि प्रत्येकावर ते हळू आवाजात उपाय सांगत गेले. शेवटी तिनं विचारलं, "आणखी काही राहिलं, बाबा?"

साडूभाऊंनी पांघरुणाची सुरकुती काढली. "एकच. मी भ्यालोय. पण ते माझं मी बघेन, तू ते कारणांत धरू नकोस. उद्या राजीनामा दे."

आता ती पानिपतला असते. परवा एका लग्नात साडूभाऊ दुसरा दरवाजा न शोधताच खुर्चीत बसले, लेकीचा फोन येईल म्हणून मोबाइल हातात धरून. मलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं. मी उठून दरवाजा शोधला आणि येऊन त्यांना सांगितलं.