काका, क्लच आणि दरवर्षीचा वाद

काकीचा फोन आला तेव्हा मी पुण्याच्या प्रयोगशाळेत, मिठाच्या पाण्यातून काढलेल्या लोखंडी पट्ट्यांचं वजन करत होते. "काका गेले गो..." एवढंच ती बोलू शकली आणि फोन बाबांच्या हातात गेला. काका दुपारी जेवून आडवे झाले होते. चहाला उठवायला काकी गेली, तर उठले नाहीत. आदल्याच रविवारी आमचं फोनवर भांडण झालं होतं. मी वैतागून मध्येच फोन ठेवला होता, पुढच्या रविवारी नव्या मुद्द्यांसह तो वाद पूर्ण करायचा असं ठरवून. तो रविवार आला तेव्हा मी मालवणात त्यांच्या फोटोसमोर बसले होते. मला दुःख झालं होतंच, पण खरं सांगायचं तर त्याहून आधी संताप आला होता. वाद अर्ध्यावर टाकून उठून जाण्याची त्यांना सवयच होती, आणि या वेळीही त्यांनी तेच केलं.

वादाचा विषय दरवर्षी एकच असायचा: त्यांच्या जीपचा झिजलेला क्लच स्वतः बदलायचा की मेकॅनिककडे द्यायचा. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. बर्फाच्या कारखान्यातून बंदरावर बर्फाच्या लाद्या पोचवणं हा त्यांचा धंदा. जीप माझ्याहून वयाने मोठी. केवळ बर्फ वाहून तिचा क्लच दरवर्षी झिजला नसता. पण मे महिना संपत आला की वाडीतल्या सगळ्या होड्या किनाऱ्यावर ओढून घ्याव्या लागतात, आणि वाडीत जीप एकच. काका होडीला दोरखंड बांधत आणि ओल्या वाळूत, अर्धा क्लच दाबून, इंचाइंचाने तिला वर आणत. दोन दिवस वाडीभर जळक्या क्लचचा वास सुटे. मी त्यांना घर्षण, उष्णता, अर्ध्या क्लचवर प्लेटची होणारी झीज हे सगळं आकृती काढून समजावलं होतं. त्यांनी आकृती नीट पाहिली आणि म्हणाले, "मगे होडी दर्यात सोडू काय?" मग मी दुसऱ्या मुद्द्यावर गेले. निदान झिजलेला क्लच तरी जाणत्या माणसाकडून बदलून घ्या. "मेकॅनिक काय आवशीच्या पोटातसून शिकान इलो?" हे त्यांचं त्यावरचं कायमचं उत्तर.

मग अंगणात जीप चार दगडांवर चढायची. वासे, कप्पी, दोर असा सगळा होडीचा सरंजाम गिअरबॉक्स उतरवायला कामी यायचा. मेकॅनिक जे काम एका दिवसात करील, त्याला काकांना आठ दिवस लागत. त्या आठ दिवसांत घरातली तीन घमेली नटबोल्टांनी भरलेली असत आणि काकी शेजारून घमेलं मागून आणत असे. "माका ह्या घरात एक भांडा ऱ्हवाक नाय," असं ती पाण्याच्या हंड्याकडे पाहून म्हणे. काकांकडे पाहून बोलण्यात अर्थ नाही हे तिला लग्नानंतर लगेच कळलं असावं. मी सुट्टीवर आले की बॅटरी धरायचं काम माझं. काका खालून बोलत राहत, मी वरून चुका काढत राही. हे सगळं विनोदी वाटत असेल, तर आठ वर्षांपूर्वी काय झालं ते सांगायला हवं.

तेव्हा मी एम.एस्सी.चा निकाल हातात घेऊन संशोधनाच्या प्रवेशासाठी धडपडत होते. मुंबईत मुलाखत होती. कुडाळहून गाडी पकडायची होती आणि काकांनी जाहीर केलं होतं की चेडू, म्हणजे त्यांची ही पोर, त्यांच्याच जीपमधून स्टेशनवर जाईल. जीप त्या आठवड्यात उघडलेली होती. मी, बाबा, काकी, सगळे म्हणालो की एसटी आहे, रिक्षा आहे, निदान या वेळी तरी गाडी मेकॅनिककडे द्या. त्यांनी ऐकलं नाही. आदल्या संध्याकाळी त्यांनी कपाटातून नवी प्लेट काढली. वर्षभर आधीच आणून ठेवलेली, फडक्यात गुंडाळलेली. "बघ गो, गंजाचो एक टिपको नाय," म्हणत त्यांनी ती माझ्या हातात दिली. आमच्याकडे खाऱ्या हवेत कात्री, कुलूप, विळी, काहीही तसंच ठेवलं तर महिन्यात तांबडं होतं, म्हणून प्रत्येक लोखंडी वस्तूला खोबरेल चोळून ठेवायची घरोघरी रीत आहे. काकांनी नव्या क्लचप्लेटलाही खोबरेल चोळून ठेवलं होतं. जिने केवळ घर्षणावर काम करायचं त्या वस्तूला तेल!

चौके गाव सोडल्यावरच्या चढावर इंजिन बोंबलायला लागलं आणि जीप जागच्या जागी राहिली. "जरा दम धर गो, आता धरतलो," काका म्हणाले. क्लच धरला नाही. मागून येणारी रिक्षा थांबवून मी कुडाळला पोचले तेव्हा गाडीचा शेवटचा डबा फलाटाच्या टोकाला होता. मुलाखत गेली, वर्ष गेलं. पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला, पुण्यात नोकरीही मिळाली, पण ते वर्ष मी काकांच्या नावावर टाकलं. हा प्रसंग मी अनेकांना अनेकदा सांगितला आहे आणि प्रत्येक वेळी एक तपशील गाळला आहे. ती तेलकट प्लेट आदल्या संध्याकाळी मी दोन्ही हातांत धरली होती, तिची चमक पाहिली होती आणि "छान ठेवलीत" असं म्हटलं होतं. घर्षणाचं प्रकरण मला पाठ होतं. एका वाक्यात सगळं वाचलं असतं. काकांनी हे मला कधी ऐकवलं नाही, आणि त्याचाही मला रागच येत असे.

त्यानंतर मी घरी जाणं कमी केलं. पण दर जूनमध्ये फोन करून विचारायची, "यंदा तरी मेकॅनिककडे देणार ना?" काका म्हणायचे, "मेकॅनिक कित्याक? मीच करतंय." की मी सुरू. तासभर चालायचं. एका वर्षी तर मला मागून ठोकल्याचे आवाज ऐकू येत होते आणि ते सांगत होते, "आयकतंस मां? गाडयेच्या खालीच आसंय."

काका गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात त्यांचा मोबाइल वाजला. मी उचलला. पलीकडून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "काका, गाडी कधी हाडतास? प्लेट येवन पडली आसा." मी काय घडलं ते सांगितलं. "या अल्ला..." तो माणूस म्हणाला. मग त्याने हळूच विचारलं, "बाय, गाडी खंय आसा? तशीच ठेव नको." ते नांदगावचे रफीकभाई होते, गॅरेजवाले. मला वाटलं होतं, काका त्यांच्याकडून सुटे भाग घेत असावेत.

दुसऱ्या दिवशी मी रिकामी जीप सांभाळत नांदगावला नेली. रफीकभाईंनी ती खड्ड्यावर घेतली आणि तासाभरात गिअरबॉक्स खाली होता. इतक्या वेगाने काम होताना पाहून मी न राहवून म्हणाले की काकांना याला आठ दिवस लागायचे. रफीकभाईंनी वर पाहिलं. "आठ वर्सा ही गाडी हंयच उघडता," ते म्हणाले. "ट्रेन चुकली ना तुझी? त्याच वर्साक इले. माका म्हणाले, 'ह्या कामात माझ्या हाताचो भरवसो आता माकाच नाय.'"

आठ वर्षं! मी ज्या मुद्द्यासाठी आकृत्या काढल्या, आवाज चढवला, फोन आपटले, तो मुद्दा त्यांनी पहिल्याच वर्षी मान्य करून टाकला होता. ते ठोकल्याचे आवाज या गॅरेजचे होते. "मगे माका कित्याक सांगूक नाय?" मी जवळजवळ ओरडलेच.

"मीय इचारलंय," रफीकभाई म्हणाले. "तर म्हणाले, 'चेडू फोन करता ता भांडाकच. भांडान संपला तर फोन कित्याक करीत?'"

मी या विधानात चूक शोधली. परीक्षेचा निकाल, नोकरी, नवं घर हे सगळं मी बाबांना कळवलं होतं. काकांना मी आठ वर्षांत दुसऱ्या कोणत्या कारणासाठी फोन केला होता? आठवेना. अजूनही आठवत नाही.

गिअरबॉक्स पुन्हा वर चढला तेव्हा रफीकभाई बाजूला झाले आणि पाना माझ्यापुढे धरला. शेवटचे सहा बोल्ट काका स्वतः आवळत म्हणे. घरी जाऊन "मीच केलंय" म्हणून सांगायचं असतं, सगळंच खोटं बोलायला नको, असं त्यांचं म्हणणं. मी खड्ड्यात उतरले. जागा अडचणीची, पाना निसटत होता, गळलेलं तेल मनगटावरून कोपरापर्यंत आलं. पाचव्या बोल्टला मी काकांना मोठ्याने शिव्या घातल्या. रफीकभाई वरून म्हणाले, "घाल, घाल. तेही घालीत, मेकॅनिकाक."

घरी पोचले तेव्हा काकी दारात उभी होती. "रफीकान केल्यान मां गो सगळा?"

"नाय. मीच केलंय."

काकीने माझे काळे हात पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. "तेंचो साबण मोरयेत फळयेर आसा," ती म्हणाली. "अजून कोणी हात लावूक नाय."

कपड्यांच्या साबणाची ती अर्धी वडी, मधोमध झिजलेली, ग्रीसच्या रेघांनी काळी पडलेली. मी बराच वेळ हात धुतले. मग वडीही धुऊन पाहिली. जुन्या रेघा गेल्या नाहीत. त्यांच्या शेजारी माझ्या तेवढ्या वाढल्या.