भावजींची अठरा सर्वनामं

माझ्या धाकट्या दिरांचं ठरत आलेलं लग्न मी मोडलं. डोक्यावरचा पदर सावरत, पाहुण्यांसमोर उभी राहून, एका दमात अठरा सर्वनामं म्हणून मोडलं. भावजींइतका साधा माणूस आमच्या अख्ख्या वालूर गावात नव्हता, आणि माझ्याइतकी शहाणी वहिनीही नव्हती.

भावजी सेलूला मास्तर. बाजाराच्या दिवशी रद्दीवाल्याकडं त्यांना जर्मन व्याकरणाचं एक पुस्तक सापडलं. त्याची निम्मी पानं गेलेली. दुसऱ्या कुणी ते चुलीत घातलं असतं. भावजींनी गेलेल्या पानांच्या जागी स्वतःचीच भाषा करून टाकली. क्रियापदं नंतर बघू म्हणाले, आधी माणसं. म्हणून सर्वनामं. मी म्हणजे 'इक', मला म्हणजे 'मिक', तू म्हणजे 'दू', दोघांपुरतं आम्ही म्हणजे 'वित'. इथवर ठीक होतं. पण 'तो' त्यांनी तीन केले: घरात असलेला, बाहेर गेलेला आणि परतीच्या वाटेवरचा. "तुमचे भाऊ कुठं हायत?" असं मी विचारलं की भावजी डोळे मिटून यांना नेमक्या 'तो'त बसवायला लागत, तेवढ्यात हे रानातून येऊन, जेवून, आडवे झालेले असत. एकदा आमचा बैल सुटून शेजाऱ्याच्या ज्वारीत शिरला, तर भावजी बांधावरून मला विचारतात, "वैनी, ह्याला बाहेर गेलेला म्हणावं का परतीच्या वाटेवरचा?"

ते ओसरीवर घोकत, मी आत भाकरी थापत असे. आरती पाठ व्हावी तशी मला ती सगळी रूपं पाठ झाली. अर्थ निम्माच कळायचा, चाल मात्र पक्की. त्यात मी सातवी पास, त्याचा ताठा लय.

दोन स्थळं आधीच परत गेली होती. तिसरं आलं येलदरीकडचं. भावजी मुलगी बघून आले ते गालातल्या गालात हसतच. चार दिवस सर्वनामांच्या वहीला हात लावला नाही. मग मुलीचे मामा आमचं घर बघायला आले. सासूबाईंनी मला बजावलं, "चहा ठेव आन् मुकाट आत ये." मामांनी सहज विचारलं, "शाळा सुटल्यावर मास्तर काय करतेत?" भावजी लाजून सतरंजीकडं बघायला लागले. मला वाटलं, घराची अब्रू चालली. ट्रे ठेवला आणि सुरू झाले. इक, मिक, मिन. अठरा संपल्यावरच श्वास घेतला आणि वर सांगितलं, "ही भाषा आमच्या भावजींनी सोता केलीय."

मामांनी कप बशीत ठेवला. "कुठं बोलतेत ही?"

"कुठंच न्हाई," भावजी म्हणाले. खोटं त्यांना जमत नसे.

"मग बोलतंय कोण?"

"सध्या मी एकटाच."

"एकटेच? मग त्यातलं 'तू' कुणाला म्हणता?"

भावजींनी खरोखर विचार केला. "अजून कुणी भेटलं न्हाई."

मामा पोहे तसेच टाकून उठले. आठ दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. ती तर महिनाभर आधीच जुळली होती. सासूबाई दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. भावजी तेवढे रोजच्यासारखे बोलत राहिले, आणि पुढं त्यांनी कुठलंच स्थळ पाहिलं नाही. मी दर सणाला त्यांच्या ताटात एक पुरणपोळी जास्त वाढायची आणि तेवढ्यावर फिटलं असं स्वतःला सांगायची.

परवा माझ्या नातीला बघायला पाहुणे येऊन गेले. तिनं मला आधीच तंबी दिली होती, "आज्जी, तू गप बसायचं." बसले. पण त्यानंतर दिवसभर काही गोड लागेना. शेवटी ओसरीवर गेले. भावजी आता पेन्शनीत, कानाला यंत्र. म्हटलं, "भावजी, तुमचा संसार मी बुडवला. माफी मागायची राहूनच गेली."

त्यांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, परत घातला. मग म्हणाले, "मामा उठले तवा लय वाईट वाटलं, वैनी, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या आधी तुमी अठराच्या अठरा म्हणलात, एक बी चुकला न्हाईत. तवा मला पहिल्यांदा वाटलं, ही भाषा खरंच हाय."